विज्ञान संस्थेचा अध्यक्ष नेमका कशासाठी?

‘अध्यक्षपदी बिनविरोध निवड’ ही जिल्ह्याच्या पानावरची नेहमीची बातमी. कधी ती डॉक्टरांच्या संघटनेची असते, कधी औषध विक्रेत्यांच्या, कधी विज्ञान शिक्षकांच्या, तर कधी पशुवैद्यकांच्या. छायाचित्रात हार, शाल, श्रीफळ आणि मागे फलक. नूतन अध्यक्ष सर्वांना बरोबर घेऊन काम करण्याचे आश्वासन देतात आणि बातमी संपते. पुढच्या काळात त्या अध्यक्षाने नेमके काय करायचे असते, हे वाचकाला तर नाहीच, पण पुष्कळदा सभासदांनाही सांगता येत नाही.

इतर मंडळांच्या बाबतीत हे चालून जाईल. विज्ञानाशी आणि आरोग्याशी संबंध असलेल्या संस्थांचे तसे नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी येते, डेंग्यूचे रुग्ण वाढतात, एखाद्या लशीबद्दल अफवा पसरते, तेव्हा लोकांना एकट्यादुकट्याचे मत नको असते. त्या विषयातल्या जाणकारांचे मिळून काय म्हणणे आहे, ते हवे असते. ते म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी संस्थेच्या निवडून आलेल्या अध्यक्षावर असते. त्याने चुकीचे सांगितले, सांगायला उशीर केला किंवा मौन पाळले, तर नुकसान संस्थेपुरते राहत नाही. ते शेतापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत जाते.

याचे एक ठळक उदाहरण जालन्याशी जोडलेले आहे.

जालन्याचे वांगे, दिल्लीचा अहवाल

बियाण्यांचे शहर ही जालन्याची जुनी ओळख. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको सुरू केली. संकरित बियाणे सामान्य शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या कामाबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीला दाद न देणारे बीटी वांगे याच कंपनीने तयार केले. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले होते. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वांग्याला संमती दिली आणि देशभर वाद पेटला. त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपुरात झाली. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली.

पुढे सरकारने देशातल्या सहा अकादमींचे मत मागवले. त्यांत विज्ञानाच्या तीन, तर कृषी, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांची प्रत्येकी एक अकादमी होती. अकादमी म्हणजे त्या त्या क्षेत्रातल्या नामवंतांची संस्था. तिचे सदस्य निवडूनच घेतले जातात आणि ते आपल्यातून अध्यक्ष निवडतात. एवढ्या मोठ्या संस्थांनी मिळून सांगितले, की वाद निकालात निघेल, अशी अपेक्षा होती. सप्टेंबर २०१० मध्ये संयुक्त अहवाल आला. मर्यादित प्रमाणात लागवडीला परवानगी द्यावी, अशी त्याची शिफारस होती.

पण थोड्याच दिवसांत एक गोष्ट उघड झाली. अहवालातला काही मजकूर एका सरकारी वार्तापत्रातल्या लेखातून जवळजवळ जसाच्या तसा आला होता, आणि तो लेख बीटी पिकांची बाजू घेणारा होता. अहवालात संदर्भही दिलेले नव्हते. ज्या कागदाने वाद मिटायचा, तोच वादाचा विषय बनला. काटेकोर वैज्ञानिक छाननीतून हा अहवाल तयार झाल्याचे दिसत नाही, अशी भूमिका घेऊन मंत्र्यांनी तो बाजूला ठेवला.

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे त्या वेळचे अध्यक्ष प्रा. एम. विजयन हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले नामांकित स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास हा त्यांचा प्रांत. वांग्यावरची कीड त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. तरीही प्रश्न त्यांच्याकडेच आले आणि उत्तर त्यांनाच द्यावे लागले. जे घडले ते योग्य नव्हते, हे त्यांनी मान्य केले. डिसेंबर २०१० मध्ये सुधारित अहवाल आला. शिफारस तीच राहिली, पण पहिल्या अहवालाने गमावलेला विश्वास दुसऱ्याने परत मिळाला नाही. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये अशाच वांग्याला परवानगी दिली. भारतातली स्थगिती मात्र उठली नाही.

बीटी वांगे चांगले की वाईट, हा वेगळा प्रश्न आहे. त्या अहवालाने नुकसान दोन्ही बाजूंचे केले. वांग्याचे समर्थक म्हणू लागले, की चांगल्या शिफारशीला फुकटचा डाग लागला. विरोधक म्हणू लागले, की शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायचाच कसा? आणि अळीला कंटाळून आठवड्याला फवारे मारणाऱ्या शेतकऱ्याला सरळ उत्तर मिळालेच नाही.

संस्थेच्या नावाने कागद बाहेर जाण्यापूर्वी अध्यक्षाने तीन साधे प्रश्न विचारायचे असतात. हे कोणी लिहिले? लिहिणाऱ्याचा या विषयात काही हितसंबंध आहे का? लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी ते तपासले का? त्या विषयातले सगळे ज्ञान अध्यक्षाकडे असण्याची गरज नाही. हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे असतो, आणि तो त्याने वापरायचाच असतो.

बोलू देणे आणि न बोलू देणे

अध्यक्षाचे दुसरे काम सभा चालवण्याचे. हे काम सोपे समजले जाते. विषयपत्रिका वाचायची, वक्त्याला चिठ्ठी पाठवून ‘वेळ संपली’ म्हणायचे आणि शेवटी समारोप करायचा. प्रत्यक्षात विज्ञानाच्या सभेत कोणाला बोलू द्यायचे, हा निर्णय एखाद्या विषयाची दिशा बदलू शकतो.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा अनुभव प्रसिद्ध आहे. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत २४ वर्षांच्या चंद्रशेखरांनी आपले गणित मांडले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वस्तुमान असलेला तारा इंधन संपल्यावर श्वेत बटू म्हणून स्थिर राहू शकत नाही, तो कोसळतच जातो, असे ते गणित सांगत होते. त्यांच्यानंतर लगेच सर आर्थर एडिंग्टन उभे राहिले. त्या काळातले ते सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ. शिवाय त्याच संस्थेचे माजी अध्यक्ष. त्यांनी या कल्पनेची सभेत खिल्ली उडवली. लोक हसले. तरुण संशोधकाला उत्तर देण्याची संधी मिळालीच नाही.

त्याच वर्षी पॅरिसला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची सभा भरली. एडिंग्टन पुन्हा त्याच विषयावर बोलले. चंद्रशेखरांनी सत्राच्या अध्यक्षांना, हेन्री नॉरिस रसेल यांना, चिठ्ठी पाठवून उत्तर देण्याची परवानगी मागितली. ‘तुम्ही बोलू नये, हे बरे,’ अशा अर्थाचे उत्तर आले. पुढे चंद्रशेखरांचे गणित बरोबर ठरले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मधली अनेक वर्षे मात्र हा विषय मागे पडला होता.

रसेल कोणी दुष्ट नव्हते. मोठ्या माणसाला भर सभेत अडचणीत आणू नये, एवढाच विचार त्यामागे असावा. आपल्याकडेही हेच होते. ज्येष्ठ डॉक्टर बोलून गेल्यावर नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरने शंका काढली, की ‘नंतर चहाच्या वेळी बोलू’ असे सांगून विषय संपवला जातो. चहाच्या वेळी तो विषय निघत नाही. अध्यक्ष निवडून आलेला असतो तो सर्वांच्या मतांनी, त्यामुळे सभेत सर्वांत नवख्या सभासदाला दोन मिनिटे मिळवून देण्याचे बळ फक्त त्याच्याकडे असते. ज्येष्ठाचा मान राखूनही ते करता येते.

स्वतःच्या भांडणात पंच

तिसरी कसोटी अधिक अवघड. विषय अध्यक्षाचाच असेल, तर त्याने काय करावे?

सर आयझॅक न्यूटन १७०३ पासून १७२७ मध्ये मृत्यू होईपर्यंत लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. संस्थेला त्यांनी शिस्त लावली, सभा नियमित केल्या. पण कलनशास्त्र आधी कोणी शोधले, न्यूटननी की जर्मनीच्या लायब्निझने, हा वाद विकोपाला गेला, तेव्हा १७१२ मध्ये सोसायटीने चौकशी समिती नेमली. समितीचा निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. पुढे स्पष्ट झाले, की अहवालाचा मजकूर मुळात न्यूटननीच तयार केला होता. एवढेच नव्हे, तर त्या अहवालाचे परीक्षणही त्यांनी नाव न देता संस्थेच्याच नियतकालिकात लिहिले. आज इतिहासकार मानतात, की दोघांनी हा शोध स्वतंत्रपणे लावला होता. म्हणजे न्यूटनना त्या खटपटीची गरजही नव्हती.

एवढ्या मोठ्या माणसाला जो मोह आवरला नाही, तो जिल्हा पातळीवरच्या अध्यक्षाला पडणारच नाही, असे कसे म्हणायचे? औषध कंपनीच्या खर्चाने परिषद भरवायची का, एखाद्या तपासणी यंत्राची संघटनेच्या नावाने भलामण करायची का, पुरस्कारासाठी कोणाचे नाव पाठवायचे, असे प्रश्न लहान संस्थांतही येतात. त्यासाठी सर्वमान्य रीत एकच आहे. आपला संबंध असल्याचे अध्यक्षाने आधीच सांगावे, त्या विषयापुरती खुर्ची उपाध्यक्षाकडे द्यावी, सभागृहाबाहेर जावे आणि हे सारे इतिवृत्तात लिहून ठेवावे. यात कमीपणा नाही. उलट, निर्णय कोणाच्याही बाजूने लागला, तरी त्यावर बोट ठेवायला जागा राहत नाही.

खुर्ची कधी सोडायची?

न्यूटननंतर त्याच संस्थेत सर जोसेफ बँक्स आले. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि जगभर हिंडलेला माणूस. १७७८ पासून १८२० पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ ते अध्यक्ष राहिले. त्यांच्या काळात संस्थेची प्रतिष्ठा वाढली, पण सदस्यत्व आणि निर्णय अध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहिल्याची तक्रारही वाढली. आता तिथे अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची आहे.

भारतातही असे घडले. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळुरूला भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. स्थापनेपासून २१ नोव्हेंबर १९७० रोजी मृत्यू होईपर्यंत, तब्बल ३६ वर्षे, तेच अध्यक्ष होते. अकादमीचे नियतकालिक वेळेवर निघावे, त्याचा दर्जा राखावा, यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. संस्था उभी राहिली ती त्यांच्यामुळेच. पण एक माणूस म्हणजे संस्था, असे समीकरण झाले, की त्याच्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच. रामन यांच्यानंतर अकादमीने अध्यक्षपदाला तीन वर्षांची मुदत घातली आणि भिन्न विषयांतले, भिन्न संस्थांतले शास्त्रज्ञ त्या पदावर येत राहिले. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे अलीकडचे नाव म्हणजे २०२२ ते २०२४ या काळातले अध्यक्ष, पदार्थविज्ञानाचे अभ्यासक प्रा. उमेश वाघमारे.

दुसरे टोक म्हणजे फारच लहान मुदत. डॉक्टरांच्या अनेक संघटनांत अध्यक्ष वर्षभराचाच असतो. पहिले तीन महिने पदग्रहण आणि सत्कारात जातात, शेवटचे दोन पुढच्या निवडणुकीत. मधल्या सात महिन्यांत एखादा उपक्रम सुरू होतो आणि पुढच्या अध्यक्षाबरोबर त्याचे नाव बदलते. यावर काही संघटनांनी तोडगा काढला आहे. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष एक वर्ष आधीच निवडायचा आणि मावळत्या अध्यक्षालाही कार्यकारिणीत ठेवायचे. तिघे मिळून तीन वर्षांचा कार्यक्रम ठरवतात. खुर्चीवरचा माणूस बदलतो, काम बदलत नाही.

अध्यक्ष शास्त्रज्ञच हवा का?

मराठी समाजात या प्रश्नाचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा झाल्या. नवे शास्त्रीय ज्ञान देशी भाषेत निबंध वाचून, व्याख्याने देऊन लोकांपर्यंत न्यायचे, हा या शाखांचा उद्देश. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठीचे व्याकरणकार. शास्त्र सांगायचे, तर आधी भाषा सरळ हवी, हे त्या तरुणांना कळले होते, असेच म्हणावे लागेल.

१९४३ च्या भारतीय विज्ञान काँग्रेससाठी तर शास्त्रज्ञांनी चक्क पंडित जवाहरलाल नेहरूंना अध्यक्ष निवडले. पण ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरूंना अटक झाली आणि त्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. विज्ञान काँग्रेसचा नियोजित अध्यक्ष किल्ल्यात कैदेत आणि सभा त्याच्याविना, असा प्रसंग आला. आधीच्या वर्षीचे अध्यक्ष, भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा नोशेरवान वाडिया यांनीच पुन्हा ती जबाबदारी पेलली. सुटकेनंतर १९४७ च्या दिल्ली अधिवेशनात नेहरूंनी अध्यक्षपद भूषवले. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात विज्ञानाला पैसा आणि स्थान मिळायचे, तर राज्यकर्त्यांशी बोलणारा माणूस हवा, असा व्यवहारी विचार त्या निवडीमागे होता.

अर्थात हा विचार जपून वापरायचा असतो. पुढाऱ्याला अध्यक्ष केले, की सभागृह मिळते, निधी मिळतो. पण त्याच पुढाऱ्याच्या सरकारला न आवडणारे सत्य सांगायची वेळ आली, तर अध्यक्ष कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे आधीच विचारून घ्यायला हवे.

मानाची खुर्ची, कामाची खुर्ची

साहित्य संमेलनामुळे ‘अध्यक्ष’ या शब्दाचा एक वेगळाच अर्थ मराठी मनात रुजला आहे. संमेलनाध्यक्ष म्हणजे मानाचे पान. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून मतदानाऐवजी सन्मानाने निवड करण्याची पद्धत आली, ती त्यामुळेच. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेत हा फरक चांगला दिसतो. परिषदेचे अधिवेशन दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरते आणि त्याला स्वतंत्र अध्यक्ष असतो. परिषदेचा कारभार पाहणारा अध्यक्ष वेगळा. एक खुर्ची तीन दिवसांची, दुसरी रोजच्या कामाची. दोन्ही हव्यात, पण एकीची मोजपट्टी दुसरीला लावून चालत नाही.

कामाच्या खुर्चीला कायद्याची चौकटही आहे. महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नवी कार्यकारिणी निवडून आली, की तिची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते. त्यासाठीचा बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला चेंज रिपोर्ट, ९० दिवसांत द्यायचा असतो. तो दिला नाही, की पुढे बँकेत सह्या अडतात, अनुदान अडते आणि जुन्या-नव्या गटांची भांडणे वर्षानुवर्षे चालतात. हिशेबाची तपासणी, वार्षिक सर्वसाधारण सभा, गणपूर्ती, इतिवृत्त ही कामे कार्यवाह आणि कोषाध्यक्ष करतात. ती झाली की नाही, हे पाहणे अध्यक्षाचे. समान मते पडल्यास निर्णायक मत त्याला आहे की नाही, हेही संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते. निवडून येण्यापूर्वी ती घटना एकदा वाचलेली बरी.

आरोग्य संघटनांची खरी परीक्षा

आरोग्याच्या क्षेत्रात अध्यक्षाला दोन टोप्या घालाव्या लागतात. डॉक्टरांवर हल्ला झाला, तर सभासदांच्या पाठीशी उभे राहणे ही एक. लोकांच्या आरोग्यासाठी प्रसंगी सभासदांना कडवट सांगणे ही दुसरी. पहिल्या टोपीबद्दल टाळ्या मिळतात, दुसरीबद्दल नाराजी.

गर्भलिंग निदानाचा प्रश्न हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. या चाचण्यांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाने १९९४ मध्ये. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली ८९४ निघाल्या, तर मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. बहुसंख्य डॉक्टर नियमाने वागणारे असतात, पण मूठभरांच्या कृत्याची किंमत एका पिढीने मोजली. अशा वेळी ‘नोंदींच्या किचकटपणाचा डॉक्टरांना त्रास होतो’ एवढेच सांगणारा अध्यक्ष निम्मेच काम करतो. ‘आमच्यातला कोणी हे करत असेल, तर त्याला संघटनेत जागा नाही’ हे वाक्यही त्याच्याच तोंडून यायला हवे.

क्षयरोगाचेही तसेच. खासगी डॉक्टरने क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली, तरच रुग्णाच्या घरच्यांची तपासणी होते आणि औषधे मध्येच सुटत नाहीत. परिपत्रक काढून हे होत नाही. एका तालुक्यातल्या दहा डॉक्टरांना त्यांच्याच संघटनेच्या अध्यक्षाने फोन केला, तर होते.

करोनाच्या काळात जगभर हेच दिसले. बडोद्यात शिकलेले नोबेल विजेते वेंकटरामन रामकृष्णन २०१५ ते २०२० या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. ब्रिटनमध्ये मुखपट्टीबद्दल गोंधळ असताना जुलै २०२० मध्ये त्यांनी संस्थेच्या तज्ज्ञांचे अहवाल पुढे ठेवून सांगितले, की गर्दीच्या बंद जागी तोंड झाका. ते स्वतः पेशीतल्या प्रथिननिर्मितीचे संशोधक. साथरोग हा त्यांचा विषय नव्हता. पण त्यांनी स्वतःचे मत सांगितले नाही, अहवालात काय आहे ते सांगितले. अध्यक्षाचा शब्द आणि अध्यक्षाचे वैयक्तिक मत यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

जालन्यात आता का महत्त्वाचे?

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात विज्ञानाशी नाते सांगणाऱ्या जागा हळूहळू वाढत गेल्या. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेले तुरीचे वाण मराठवाडाभर पेरले जातात. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते. तिथे शास्त्रज्ञ बोलतात आणि शेतकरी उलट प्रश्न विचारतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ मध्ये सुरू झाले. प्राध्यापक, निवासी डॉक्टर, संशोधक, विद्यार्थी यांची संख्या वाढली, की त्यांच्या संघटना, परिषदा, शाखा निघतात, आणि त्यांना अध्यक्षही लागतात.

म्हणूनच पुढच्या वेळी सभेत ‘कोणाचे नाव सुचवता?’ असा पुकारा झाला, की नावाआधी काही प्रश्न विचारायला हरकत नाही. या पदासाठी महिन्यातले किती तास देता येतील? एखाद्या कंपनीशी, रुग्णालयाशी, पक्षाशी असलेला संबंध सभासदांपुढे मांडणार का? साथ किंवा कीड आली, तर संस्थेचे म्हणणे किती दिवसांत आणि सोप्या मराठीत लोकांपुढे येईल? तालुक्याच्या गावातल्या, नव्या आणि महिला सभासदांना समितीत किती जागा? आणि मुदत संपल्यावर पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरे देणारा उमेदवार बिनविरोध आला काय आणि मतदानाने आला काय, फारसा फरक पडत नाही. प्रश्नच विचारले गेले नाहीत, तर मात्र पडतो. भोकरदनच्या शेतकऱ्याला फवारणी कोणती करायची, हे मग दुकानदार सांगतो. मंठ्याच्या आईला बाळाला लस द्यावी की नाही, हे मोबाइलवरचा निरोप सांगतो. ज्या संस्थेने हे सांगायचे, तिचा अध्यक्ष तोवर पुढच्या सत्काराला निघालेला असतो.